रोपं रात्रीतून कापली जातात? कुरतडणाऱ्या अळीपासून ती अशी वाचवा

संध्याकाळी लावलेलं टोमॅटोचं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं. पानं हिरवीगार, कुठे भोक नाही, फक्त खोड मातीलगत कापलेलं. पहिला संशय उंदरावर जातो, नाहीतर शेजारच्या मांजरावर. पण पावसाळा संपून रब्बीच्या भाज्यांची लागवड सुरू झाली की अशा वेळी आधी रोपं कुरतडणारी अळी आठवावी. हरभरा पिकवणारे शेतकरी तिला चांगले ओळखून आहेत. परसबागेत ती वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर यांच्या नव्या रोपांवर येते.

तिला हवा असतो तो खोडाचा मातीजवळचा बोटभर कोवळा भाग, आणि धोका असतो तो मुख्यतः लागवडीनंतरचे दोन-तीन आठवडे. तेवढी जागा तेवढे दिवस राखली की काम झालं. चार वाफ्यांच्या बागेत त्यासाठी विषारी औषध आणण्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी चोर ओळखा

कापलेल्या रोपाभोवतीची माती सकाळीच बोटांनी उकरा. वीतभर घेरात आणि दोन इंच खोलीपर्यंत पाहिलं तर बहुतेकदा अळी तिथेच सापडते, कारण दिवस उजाडला की ती फार लांब जात नाही. काळपट राखाडी, गुळगुळीत, अंगाला तेल लावल्यासारखी दिसते. हात लागताच वेटोळं करून पडते. पूर्ण वाढली की 4 ते 5 सेंटिमीटर लांब होते. कधी कधी अर्धं पान मातीत ओढून नेलेलं दिसतं, ती तर पक्की खूण. सापडली की साबणाच्या पाण्यात टाका. हे टाळू नका, कारण एकच अळी एका रात्रीत तीन-चार रोपं सहज आडवी करते.

पांढरी, तपकिरी डोक्याची, जाडसर अळी निघाली तर ती हुमणी. ती मुळं खाते, त्यामुळे रोप कापलं जात नाही, उभ्या उभ्या सुकतं. पानांवर चकचकीत चिकट रेघ असेल तर गोगलगाय. आणि खोड मातीलगत पाणचट, बारीक होऊन रोप कोलमडलं असेल तर तो बुरशीचा मर रोग. तिथे पुढचे उपाय चालणार नाहीत, पाणी कमी करावं लागेल.

वाफा आधीच मोकळा करा

या अळीचा पतंग तणांवर आणि कुजत पडलेल्या पाल्यावर अंडी घालतो. म्हणजे पावसाळ्यात माजलेलं तण हेच तिचं घर. लोक काय करतात, सकाळी तण उपटतात आणि दुपारी त्याच वाफ्यात रोपं लावतात. तणावर वाढलेल्या अळ्या मातीत तशाच असतात, त्यांना खायला आता फक्त तुमची रोपं उरतात. म्हणून तण लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी काढा. माती वीतभर खोल उलथी करून उन्हात तापू द्या. उलथताना तपकिरी, टोकदार कोष दिसले तर वेचून टाका. साळुंक्या, बगळे वाफ्यात उतरले तर हाकलू नका, ते तुमचंच काम करताहेत.

गच्चीवरच्या कुंड्यांनाही हे लागू आहे. शेतातून आणलेली माती किंवा अर्धवट कुजलेलं खत यांतून अळी वर पोचते. माती कुंडीत भरण्याआधी कागदावर पसरून एकदा हाताने चाळून घ्या.

कडं घाला

सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, आणि फुकटातला. 200 मिलिलिटरचा कागदी पेला घ्या, तळ कापून टाका. चहाच्या टपरीवरचा इवलासा कप उंचीला कमी पडतो. पेला नसेल तर पाण्याच्या बाटलीचं गोल कडं, पुठ्ठ्याची नळी, केळीचं सोपट किंवा वर्तमानपत्राची तीन-चार पदरी पट्टी, काहीही चालेल.

लागवडीच्याच वेळी कडं रोपाभोवती बसवा. 3 सेंटिमीटर मातीत आणि निदान 5 सेंटिमीटर वर राहायला हवं. नुसतं मातीवर ठेवलं तर अळी खालून शिरते. पानं कड्याबाहेर जमिनीला टेकत असतील तर खालची एक-दोन काढून टाका, नाहीतर तिला शिडी मिळते. बसवण्याआधी आतली माती बोटांनी चाळून पाहा. अळी आत राहिली तर तिला तुम्ही जेवणासकट कोंडून ठेवाल.

रोपं फार असतील तर दुसरी युक्ती. खोडाला अगदी चिकटून एक-दोन दात कोरायच्या काड्या किंवा खराट्याच्या काड्या उभ्या खोचा. अळी खोडाला वेढा घालून कुरतडते, मध्ये कडक काडी आली की तो वेढा बसत नाही. कड्याइतकी खात्री याची नाही, पण पन्नास मिरच्यांना पन्नास पेले कोण कापत बसणार!

रात्रीची फेरी आणि गवताचे ढीग

नुकसान सुरूच असेल तर अंधार पडल्यावर दोनेक तासांनी बॅटरी घेऊन वाफ्यात जा. अळ्या मातीवर आलेल्या असतात, चिमट्याने उचला. झोप मोडायची नसेल तर शेतकऱ्यांची पद्धत वापरा: संध्याकाळी ओळींमध्ये ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवायचे. अळ्या पहाटे त्याखाली लपतात. सकाळी ऊन चढण्याआधी ढीग उचलून खालच्या अळ्या वेचायच्या. ढीग दिवसभर तसेच विसरलात तर मात्र तुम्ही त्यांना सावलीच करून दिलीत.

एवढ्यानेही भागलं नाही तर गव्हाच्या कोंड्यात थोडा गूळ आणि बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर, पाकिटावरच्या सूचना पाहून कालवा आणि सूर्यास्तानंतर रोपांभोवती भुरभुरा. उन्हात बीटीचा जोर जातो आणि मोठ्या अळ्यांवर तो कमीच पडतो, म्हणून लहान अळ्या दिसताच वापरा.

अंड्याची टरफलं आणि राख यांची शिफारस सगळीकडे दिसते. राख कोरडी असेपर्यंत थोडीफार अडवते, पाणी पडलं की संपली. टरफलांवर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

कडं कधी काढायचं

खोड पेन्सिलीएवढं जाड आणि जरा कडक झालं की अळीला ते कापवत नाही. टोमॅटो तिथवर लवकर पोचतो, मिरची वेळ घेते. वर्तमानपत्र आपोआप कुजतं. पेल्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून पेला आणि बाटलीचं कडं आठवणीने उभं चिरून काढा, नाहीतर पुढे खोडाला काच बसतो.

आणि सकाळी कापलेलं टोमॅटोचं रोप अजून टवटवीत सापडलं तर फेकू नका. खालची पानं काढून ओल्या मातीत खोलवर खोचा, चार-पाच दिवस सावलीत ठेवा. टोमॅटोच्या खोडाला मुळं सहज फुटतात. कोबी-फ्लॉवरच्या बाबतीत ही आशा धरू नका, त्यांची दोन-तीन जादा रोपं ट्रेमध्ये राखून ठेवलेली बरी.