पोरांना व्हॅम्पायरची गोष्ट सांगायचीय? मग आधी हे करा

गॅलरीत पोरं जमली की पहिलं काम, डोक्यातला सिनेमातला फिकट चेहऱ्याचा, कोट घातलेला व्हॅम्पायर काढून टाका. सर्बियाच्या लोककथांमधला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेला, लालबुंद गावकरीच, कारण लोकांनी थडगं उकरून जे बघितलं तेच सांगितलं, गॅसने फुगलेलं पोट, तोंडातून आलेलं लाल पाणी, आणि कातडी आकसली की नखं वाढल्यासारखी दिसतात ना, तसं. उन्हाने मरतो हे तर १९२२ च्या जर्मन मूकपटापासून पसरलं, ते जुनी कथा म्हणून खपवू नका. आणि प्लीज, आपल्या वेताळाला व्हॅम्पायर म्हणू नका हां! आमच्या दादरच्या बिल्डिंगमधली कितीतरी घरं वेंगुर्ल्याकडची, तिकडे आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, गावाचा राखणदार, त्याला मोठाल्या चामडी चपला वाहतात, रात्री गावभर फिरून त्या झिजतात असं मानतात, हे पोरांना नक्की सांगा.