सोमवारी ऑन, मे महिन्यात इन, पाच वाजता ॲट

शाळेत ऑन-इन-ॲटचा तक्ता वहीत उतरवून घेतला होता, परीक्षा झाली आणि डोक्यातून गेला. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की हे सगळं आपण मराठीत रोज बोलतोच की, फक्त शब्दाच्या शेपटीला चिकटवून. सोमवारी, १ तारखेला म्हणतो तिथे ऑन. मे महिन्यात, उन्हाळ्यात, १९६० मध्ये (किंवा १९६० साली म्हणा) तिथे इन. पाच वाजता म्हटलं की ॲट.

महाराष्ट्र राज्याचंच घ्या ना. महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड ऑन १ मे १९६०. आता तारीख उडवा, उरलं इन मे १९६०. महिनाही उडवा, इन १९६०. म्हणजे ठरावीक दिवस आहे का एवढंच बघायचं, दिवस असला की ऑन, मग मागे महिना-वर्षाचं कितीही लांब शेपूट असू दे.

गडबड होते ती सकाळ-संध्याकाळला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी या तिघांना इन, इन द मॉर्निंग वगैरे, पण रात्री मात्र ॲट नाइट (का ते मला विचारू नका, तसंच म्हणतात). आणि पुढे वार आला की परत ऑन, सोमवारी सकाळी म्हणजे ऑन मंडे मॉर्निंग, शुक्रवारी रात्री म्हणजे ऑन फ्रायडे नाइट.

नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी असेल तर काहीच लावायचं नाही. आय विल कम नेक्स्ट मंडे, बस. ऑन नेक्स्ट मंडे आपल्याकडे ऑफिसात सर्रास ऐकू येतं, ते सोडा. टुडे-टुमॉरोलाही काही लागत नाही. एखादा अमेरिकन 'सी यू मंडे' लिहितो ती चूक नाही हं, तिकडे नुसत्या वाराआधीचं ऑन बऱ्याचदा गाळतात, आपण लावलेलं बरं.

खरी गोची 'पर्यंत'ची आहे. मी एका क्लायंटला 'आय विल सेंड द फाइल टिल मंडे' असं मेलवर लिहिलं तर त्याचा रिप्लाय, सोमवारपर्यंत रोज पाठवत बसणार का? टिल म्हणजे तोवर चालूच राहणारं काम. मुदतीच्या आत एकदा होऊन जाणार असेल तर बाय मंडे. दुकान सोमवारपर्यंत बंद असेल तर क्लोज्ड टिल मंडे, आणि यातही सोमवारी उघडं की बंद ही शंका उरतेच, मराठीतही उरते. म्हणून रजेच्या अर्जात फ्रॉम ९ जून टू १२ जून, बोथ डेज इन्क्लुसिव्ह असं लिहितात, आणि मी तर खाली अजून एक ओळ टाकतो, आय विल रिझ्यूम वर्क ऑन १३ जून, म्हणजे एचआरचा फोनच येत नाही.