सोमवारचे पान: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या आठवड्यातून एकदा टिपण्याची रीत

नागपूरच्या आमच्या महाविद्यालयात शिक्षककक्षातील चहाच्या टेबलामागे एक फलक आहे. परीक्षेच्या सूचना, वेळापत्रकातील बदल आणि कुणाच्या तरी निरोप समारंभाची वर्गणी यांच्या शेजारी दर सोमवारी मी तेथे एक पान लावतो. सरलेल्या आठवड्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे बोलताना आपण सगळे जिला एआय म्हणतो तिच्या, जास्तीत जास्त पाच बातम्या त्यावर असतात. मी ग्रंथपाल असल्यामुळे हे काम ओघानेच माझ्याकडे आले. स्वतःसाठी, घरच्यांसाठी किंवा कार्यालयासाठी असे पान करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडावी म्हणून ती रीत येथे मांडत आहे.

प्रथम वार ठरवावा आणि तो मोडू नये. रोजच्या बातम्यांमागे धावण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बसणे मला अधिक विश्वासाचे वाटते, कारण या क्षेत्रातील पुष्कळशा बातम्या पहिल्या दोन-चार दिवसांतच आकार बदलतात आणि काहींना तर एक आठवडाही पुरत नाही. केंद्र सरकारने १ मार्च २०२४ रोजी काढलेल्या सूचनापत्रात, पुरेशी चाचणी न झालेली मॉडेल, म्हणजे चॅटबॉटसारख्या सेवांमागे चालणाऱ्या शिकवलेल्या संगणकीय प्रणाली, भारतात लोकांसाठी खुली करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी असे म्हटले होते. त्यावर बराच गदारोळ झाला आणि १५ मार्चला आलेल्या नव्या सूचनापत्रात परवानगीची अट राहिली नाही. ज्यांनी पहिली बातमी वाचून पुढचा पंधरवडा लक्ष दिले नाही, त्यांच्या मनात ती अट कदाचित आजही कायम असेल. म्हणून एखाद्या बातमीचा पुढचा भाग आला की जुन्या बातमीचा उल्लेख करून तो पानावर घ्यायचा, असा माझा नियम आहे. मी रविवारी सकाळी सात ते आठ एवढाच वेळ या कामाला देतो. मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरून झाले की बसतो आणि तर्री-पोहे येण्याच्या आत उठतो. तासाची मर्यादा नसेल तर हे काम दिवस खाते.

वाचायचे काय, याचे उत्तर थोडक्यात देता येते. इंग्रजीतील एखादे साप्ताहिक वार्तापत्र, रोजचे एक वर्तमानपत्र आणि मूळ कागद एवढे पुरे. वार्तापत्रांपैकी एआयचे नामवंत शिक्षक अँड्र्यू एनजी यांच्या संस्थेचे ‘द बॅच’ शिकाऊ वाचकाला सोपे जाते. जॅक क्लार्क यांचे ‘इम्पोर्ट एआय’ संशोधनाकडे अधिक झुकलेले आहे. मात्र क्लार्क हे अँथ्रॉपिक या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आहेत, हे वाचताना लक्षात असू द्यावे. लिहिणारा कोणत्या खुर्चीवर बसला आहे हे माहीत असले की त्याचे लिखाण टाकून द्यावे लागत नाही, फक्त त्याचे माप घेता येते. मूळ कागद म्हणजे कंपनीचे स्वतःचे निवेदन, सरकारी निर्णयासाठी पत्र सूचना कार्यालयाचे प्रसिद्धिपत्रक आणि संशोधनासाठी प्रत्यक्ष निबंध. असे बरेच निबंध १९९१ पासून चालू असलेल्या आर्काइव्ह या भांडारात असतात आणि ते तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच तेथे आलेले असतात, याचीही खूणगाठ बांधावी. व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश मी प्रश्न म्हणून टिपून घेतो, बातमी म्हणून कधीच नाही.

या कामाचा खरा गाभा मात्र क्रियापदात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. मराठीत वाक्य शेवटी क्रियापदावर येऊन टेकते आणि तेथेच लिहिणाऱ्याची परीक्षा होते. ‘जाहीर केले’, ‘मंजूर झाले’, ‘लागू झाले’, ‘वापरात आले’, ‘आढळले’ या पाचांपैकी नेमके कोणते लिहायचे, हे ठरवायला बसले की बातमीचे निम्मे पीठ चाळून होते. ‘इंडियाएआय मिशन’चेच पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी त्यासाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. हा पाच वर्षांचा आराखडा आहे. पैसे मंजूर झाले होते, खर्च झाले नव्हते. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला, पण त्यातील एआयच्या काही वापरांवर बंदी घालणारी कलमे २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली आणि बाकीची त्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू व्हायची होती. ‘युरोपात कायदा आला’ असे एका ओळीत लिहिणारा खोटे बोलत नाही, परंतु वाचकाला त्यातून काही कळतही नाही. याच कसोटीवर ‘क्रांती घडणार’, ‘नोकऱ्या जाणार’, ‘डॉक्टरांना मागे टाकणार’ हे भविष्यकाळातले मथळे आपोआप गळून पडतात, कारण त्यांत घडलेले काहीच नसते.

ही शहाणीव मला चुकीतून आली. डीपसीक या चिनी कंपनीने २० जानेवारी २०२५ रोजी आर-वन हे मॉडेल खुले केले आणि २७ तारखेच्या सोमवारी, मॉडेल इतक्या स्वस्तात होत असतील तर महागड्या चिपची मागणी घटेल या भीतीने, एआयच्या चिप बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीचा समभाग सुमारे १७ टक्क्यांनी घसरला. बाजारमूल्यात जवळजवळ ६०० अब्ज डॉलरची घट झाली. जिकडे तिकडे एकच आकडा फिरत होता आणि मीही पुढच्या पानावर लिहिले, ‘आर-वन अवघ्या ५६ लाख डॉलरमध्ये तयार झाले.’ पान लागले त्याच दिवशी आमच्या सांख्यिकीच्या मॅडमनी चहा ढवळता ढवळता विचारले, “सर, हा आकडा मोजला कुणी?” मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मूळ अहवाल उघडला, तेव्हा दिसले की आकडा आर-वनचा नसून त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या व्ही-थ्री या मॉडेलचा आहे. हिशेबही सरळ मांडलेला होता. प्रशिक्षणासाठी लागलेले २७.८८ लाख जीपीयू-तास (एक जीपीयू, म्हणजे एआयची गणिते करणारी चिप, एक तास चालली की एक जीपीयू-तास), तासाला २ डॉलर भाडे गृहीत धरून ५५.७६ लाख डॉलर. त्याच परिच्छेदात कंपनीने स्पष्ट म्हटले होते की आधीचे संशोधन आणि चाचणीदाखल केलेले प्रयोग यांचा खर्च यात धरलेला नाही. म्हणजे कंपनीने काही लपवले नव्हते. वाचण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. पुढच्या सोमवारी नव्या पानाच्या अगदी वर, चौकटीत, दुरुस्ती लावली. तेव्हापासून प्रत्येक आकड्यासमोर मी तीन गोष्टी लिहितो: कुणी मोजला, काय मोजले आणि काय वगळले. तिन्ही रकाने भरता आले नाहीत, तर तो आकडा पानावर जात नाही.

दुरुस्ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत लावू नये, हेही यातच आले.

पाचपैकी एक जागा मी आपल्या भागासाठी राखून ठेवतो, कारण अन्यथा हे सारे कॅलिफोर्नियात घडते आणि आपण नुसते प्रेक्षक, असा वाचकाचा समज होतो. राज्य सरकारने पोलिसांच्या कामात एआय आणण्यासाठी २०२४ मध्ये स्थापन केलेली ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपूरचीच आहे आणि तिच्यात येथील आयआयएमचा सहभाग आहे. शेतीतील एआयसाठी राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये धोरण मंजूर केले. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी त्याकडे लक्ष ठेवायला हवे. बातमी नागपूरची आहे म्हणून क्रियापदाची कसोटी सैल करू नये. उलट येथे ती अधिक कडक लावावी, कारण येथे आपण स्वतः जाऊन पाहू शकतो. पोलिसांची बातमी असेल तर ‘कोणत्या ठाण्यात, कोणत्या कामासाठी’ हे समजेपर्यंत मी ‘वापरात आले’ असे लिहीत नाही.

लिहिताना एका बातमीला साठ शब्द पुरतात. पहिल्या वाक्यात काय घडले, दुसऱ्यात कुणाच्या म्हणण्यानुसार आणि तिसऱ्यात आपल्या कामाशी त्याचा संबंध काय. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी सादर केलेले काही न्यायनिर्णय चॅटजीपीटीने रचलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले होते. हे प्रकरण मला जेव्हा पानावर घ्यायचे होते, तेव्हा तिसऱ्या वाक्यात मी एवढेच लिहिले की प्रकल्पाच्या संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद ग्रंथालयात येऊन तपासून घ्यावी. त्या आठवड्यात बरेच विद्यार्थी आले. शब्दांच्या बाबतीत फार सोवळे पाळू नये. ‘मॉडेल’ला ‘प्रारूप’ म्हटले की वाचणारे मलाच त्याचा अर्थ विचारतात.

हे पान चॅटबॉटकडूनच का करून घेत नाही, असे तरुण सहकारी विचारतात. अवघड परिच्छेद समजून घेण्यासाठी मी त्याची मदत जरूर घेतो. पण लांब अहवालाचा सारांश करायला दिला की सर्वांत आधी अटी आणि अपवाद गळतात, असा माझा अनुभव आहे, आणि डीपसीकच्या प्रकरणात सगळे मर्म त्या एका अपवादातच होते.

लावून झालेली पाने फेकू नयेत. मी ती फायलीत ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी एक रविवार नव्या बातम्यांऐवजी जुन्या पानांना देतो. रस्ते अपघात टाळण्यासाठीचा ‘आयरास्ते’ प्रकल्प नागपुरात २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हा शहर बसगाड्यांत चालकाला धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसवून अपघात ५० टक्क्यांपर्यंत कमी करण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले होते. फायलीच्या पहिल्याच पानावर मी ही जुनी बातमी मुद्दाम घेतली आहे. तिच्यातील ‘उद्दिष्ट’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढलेली आहे आणि समोरचा ‘आढळले’चा रकाना मोकळा ठेवला आहे.