वादळाआधी गावाची तयारी: फोन बंद पडणार हे धरूनच

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा विजेचे खांब, मोबाइलचे टॉवर आणि रस्ते एकदमच गेले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपच्या भरवशावर केलेला आराखडा ऐन वेळी कामाचा नाही. निरोप पायी जाणार असं धरूनच आखणी करा.

बैठक मे महिन्यात घ्या. चाकरमानी गावात असतात आणि बंद घरांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत तेही कळतं. वाडीवार यादी करताना घरमालकाचं नाव पुरेसं नाही, रात्री त्या घरात प्रत्यक्ष कोण झोपतं ते लिहा. अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका, इन्सुलिन घेणारे यांच्या नावापुढे त्यांना नेणाऱ्या दोघांची नावं हवीत. आशाताईंच्या वहीत यातलं बरंच सापडतं. साधारण दहा घरांमागे एक निरोप्या नेमा, पण त्याच पाखाडीतला. वहाळापलीकडचा नेमलात आणि साकव पाण्याखाली गेला, की निरोप तिथेच अडला.

निवारा म्हणून डोळे झाकून शाळेवर बोट ठेवू नका. पत्र्याचं छप्पर वाऱ्यात आधी उडतं. स्लॅबची, उंचावरची आणि माड कोसळला तरी त्याचा शेंडा पोचणार नाही अशी इमारत बघा. किल्ली तिघांकडे ठेवा. प्यायला माणशी रोज 3 लिटर पाणी धरा. 60 माणसांना दोन दिवसांसाठी 360 लिटर, म्हणजे 200 लिटरची दोन पिंपं. ती वीज असतानाच भरायची, नंतर पंप चालत नाही. 112, 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर भिंतीवर रंगाने लिहा.

हलायचं कधी, हे वाऱ्यापेक्षा भरतीवर ठरवा. जुना हिशोब आजही चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा; पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. वादळ उधाणाच्या भरतीला गाठून आलं, तर खाडीकाठची घरं त्याआधीच रिकामी झालेली हवीत.

होड्या उधाणाच्या रेषेच्या वर ओढा, इंजिनं उतरवून ठेवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण फयान वादळ नोव्हेंबरात आलं होतं आणि तौक्ते मेमध्ये. म्हणून कोणती होडी किती माणसं घेऊन गेली, याची वही मच्छीमार सोसायटीत रोज भरली पाहिजे.

वारा एकदम पडला, तर वादळ गेलं असं समजून कौलं चढवायला छपरावर जाऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने येतो. नंतर झाडं तोडतानाही घाई नको. तारांवर पडलेल्या माडाला वायरमन हो म्हणेपर्यंत कोयता लावायचा नाही. वाकून ताणलेलं खोड तोडताच उसळतं, त्याच्या रेषेत उभं राहू नका.

आता विहिरी, कारण वादळानंतरचं आजारपण बहुतेक इथूनच सुरू होतं. गढूळ पाणी आधी उपसा. खारटपणा टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने, जात नाही, त्यामुळे समुद्राचं पाणी शिरलेली विहीर प्यायला वापरूच नका. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा: व्यास × व्यास × खोली × 785 म्हणजे लिटर. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी असेल तर सुमारे 14,000 लिटर. दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम पावडर, म्हणजे 35 ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि दोराने बादली वर-खाली करून ढवळा. खाली बसलेला चुना आत टाकू नका, त्याने पाणी जड होतं. तासाभराने ओटी चाचणी घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते कळतं. रंग पिवळा आला नाही तर पुन्हा डोस द्या. पावडर मात्र ताजी हवी. तोंड उघडं राहिलेल्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून मेमध्येच पिशवी हुंगून बघा: वास नाकात झणझणला नाही तर ग्रामपंचायतीतून नवी मागवा.