गावातली विषमता कशी मोजावी: ८अ, चुली आणि गिनी

सर्वेक्षणाला निघालेली मंडळी बहुतेक वेळा तलाठ्याकडून खातेदारांची यादी आणतात, जमिनीचे आकडे एका रकान्यात भरतात आणि गिनी गुणांक, म्हणजे विषमतेचं ० ते १ मधलं माप, काढून मोकळी होतात. आकडा बराच बरा दिसतो. दिसणारच, कारण ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही ती घरं त्या यादीत येतच नाहीत. गावातली विषमता मोजायची तर आधी शून्यं मोजावी लागतात, आणि ती महसुली कागदावर कुठेच लिहिलेली नसतात.

म्हणून सुरुवात जमिनीपासून करू नका, चुलीपासून करा. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही, हा चांगला आधार आहे (महसूलचा ८अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनीचा उतारा, वेगळा; दोन्हींची गल्लत नेहमी होते). पण तेवढ्यावर थांबू नका. एका घर क्रमांकात तीन भावांच्या तीन चुली असू शकतात. गायरानावरची घरं, पारध्यांची पालं, वीटभट्टीवरची कुटुंबं नोंदवहीत नसण्याचीच शक्यता जास्त. अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याकडच्या कुटुंबयादीशी ताडून बघा, मग प्रत्येक वस्ती पायी फिरा. ऊसतोडीचा गाव असेल तर हे काम दसऱ्याच्या आत उरका. दिवाळीनंतर गेलात तर नेमकी तळाची घरं कुलूपबंद सापडतील आणि गाव आहे त्यापेक्षा सुखी दिसेल.

आता जमीन. गाव नमुना ८अ वर खातेदाराची गावातली एकूण जमीन एकत्र मिळते, सातबाऱ्यावर गटानुसार. दोन्ही ऑनलाइन बघता येतात. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आर जवळजवळ गुंठ्याएवढा आणि ४० गुंठ्यांचा एकर. तेव्हा १.२० म्हणजे १२० आर, सुमारे ३ एकर. हा आकडा सव्वा एकर म्हणून भरलेले तक्ते सर्रास सापडतात. सगळं आधी आरमध्ये करून घ्या. पोटखराबा (लागवडीला न येणारं क्षेत्र) वेगळ्या रकान्यात ठेवा.

खातं आणि कुटुंब एक नसतं, आणि खरं काम इथेच आहे. मोठ्या घराची जमीन आई, मुलगा, सून, अल्पवयीन नातू अशा चार-पाच नावांवर असते. काही वाटण्या कमाल जमीन धारणेच्या कायद्यातून सुटण्यासाठी फक्त कागदावर झालेल्या असतात. नावं तशीच ठेवली तर गावातला सर्वांत मोठा जमीनदार पाच मध्यम शेतकऱ्यांत विरघळून जातो. उलट बाजूला मयत आजोबांच्या नावावरचं खातं असतं, वारसनोंद झालेली नसते आणि सहा चुली त्यावर जगत असतात. प्रत्येक खातं कुठल्या चुलीचं, हे दारात बसून जुळवा. सामाईक खात्यात हिस्से विचारून वाटा. गावाबाहेरच्या मालकांची जमीन वेगळी दाखवा, आणि गावकऱ्यांची शेजारच्या शिवारातली जमीन विसरू नका. ती या गावाच्या ८अ वर येत नाही.

पुढचा प्रश्न: कसतो कोण? भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनींकडे नीट बघा. १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतन निर्मूलन कायद्यानंतर महार वतनाच्या (गावाच्या चाकरीबद्दल दिलेल्या) जमिनी पूर्वीच्या वतनदारांना याच प्रकारात परत मिळाल्या. अशी जमीन कागदावर एकाची आणि नांगर दुसऱ्याचा, असं आढळू शकतं. म्हणून मालकी आणि वहिवाट असे दोन रकाने ठेवा. बटाई, खंड, गहाण, जे असेल ते वहिवाटीसमोर लिहा.

एकर एकरासारखा नसतो. कॅनॉलखालचा उसाचा एकर आणि माळावरचा हुलग्याचा एकर सारखा धरला तर हिशेब फसला. यासाठी नवं सूत्र शोधायची गरज नाही. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यातच, १९७५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, पाच माणसांच्या कुटुंबासाठी बारमाही बागायत १८ एकर आणि कोरडवाहू ५४ एकर अशी मर्यादा आहे. म्हणजे बागायत एकराला ३ ने गुणा. मधल्या प्रतींच्या जमिनींना २७ आणि ३६ एकरांची मर्यादा आहे, त्यावरून अनुक्रमे दुप्पट आणि दीडपट निघते. कोकणात मात्र हे जपून वापरा. तिथे भातखाचर, वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि हापूसची बाग यांचं गणित निराळं आहे, आणि मुंबईहून येणारा चाकरमान्याचा पैसा सातबाऱ्यावर दिसत नाही.

आता गिनी. कुटुंबं कमी जमिनीकडून जास्त जमिनीकडे लावा, क्रमांक द्या, प्रत्येक क्रमांकाला त्याच्या जमिनीने गुणा आणि बेरीज करा. बेरीज दुप्पट करून (कुटुंबसंख्या × एकूण जमीन) ने भागा. आलेल्या उत्तरातून (कुटुंबसंख्या + १) ÷ कुटुंबसंख्या वजा करा. सगळ्यांकडे सारखं असेल तर ० येतो, सगळं एकाकडेच असेल तर १ च्या जवळ.

एक काल्पनिक वस्ती घ्या. सहा खातेदार: १, १, २, ३, ५ आणि १२ एकर. गुणाकारांची बेरीज ११८; २३६ ÷ १४४ = १.६३९, त्यातून १.१६७ गेले, उरले ०.४७. आता चार भूमिहीन घरं धरा. क्रमांक १ ते ४ शून्याचे, बाकीचे ५ ते १०. बेरीज २१४; ४२८ ÷ २४० = १.७८३, वजा १.१, उरले ०.६८. जमीन इंचभरही हललेली नाही. आणि तो १२ एकरवाला एकटाच बागायतदार असेल, तर त्याचे ३६ धरून उत्तर ०.७९ येतं. तिन्ही आकडे त्याच वस्तीचे आहेत, तेव्हा अहवालात गिनी लिहिताना भूमिहीन धरलेत का आणि बागायतीला वजन दिलंत का, हे शेजारीच लिहा. दहा घरांत गिनी जास्तीत जास्त ०.९ होतो, त्यामुळे दहा घरांच्या वाडीची पाचशे घरांच्या गावाशी तुलना करू नका. देशाचा म्हणून छापला जाणारा गिनी बहुधा खर्चाच्या पाहणीवरून काढलेला असतो. जमिनीचा गिनी त्याच्यापेक्षा मोठा येणारच. वरच्या १० टक्क्यांचा वाटा भागिले खालच्या ४० टक्क्यांचा वाटा हे दुसरं लोकप्रिय माप इथे बऱ्याचदा मोडतं, कारण खालच्या ४० टक्क्यांकडे शून्य असलं की भागाकारच होत नाही.

गिनीला जात कळत नाही. जमीन कुणाकडे आहे याची अदलाबदल केली तरी तो तेवढाच राहतो. म्हणून समाजगटानुसार साधं गुणोत्तर काढा: जमिनीतला टक्का भागिले घरांतला टक्का. ३० टक्के घरांकडे ६ टक्के जमीन असेल तर ०.२. जात आडनावावरून ठरवू नका. पवार, जाधव, गायकवाड ही आडनावं अनेक जातींत आहेत. एकट्यात विचारा, सांगतील तसंच लिहा. एकाच वस्तीत कुणी बौद्ध, कुणी नवबौद्ध, कुणी महार सांगेल. एकत्र करायचं ते तक्त्यात, फॉर्मवर नाही.

घराच्या आतलं शून्य बायकांचं. खात्यावर किती बायकांची नावं आहेत आणि त्यातल्या किती विधवा, हे मोजा. बहिणींनी दिलेली हक्कसोडपत्रं फेरफार नोंदींत सापडतात.

मजुरी विचारताना «हजेरी किती?» असं विचारलं की गावचा ठरलेला दर ऐकायला मिळतो. त्याऐवजी शेवटचं काम कुठलं, किती वाजता गेलात, कधी सुटलात, हातात काय पडलं, हे विचारा आणि तासावर आणा. खुरपणी बायकांची, फवारणी पुरुषांची, त्यामुळे कामं वेगळी असल्याचं कारण पुढे येतं. तासाचा दर शेजारी मांडला की फरक दिसतो. उक्त्या कामात टोळीचे पैसे माणशी वाटून घ्या. सालगड्याची उचल मजुरीत मिळवू नका, ते कर्ज आहे.

पाण्याची पाहणी मे महिन्यात करा. पावसाळ्यात सगळेच नळ वाहतात. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत चाला, पाणी किती मिनिटं येतं ते घड्याळ लावून बघा.

ग्रामसभेत मांडताना नावं, गट क्रमांक आणि घर क्रमांक काढून टाका. तक्त्यातल्या ज्या वर्गात पाचपेक्षा कमी घरं आहेत तो शेजारच्या वर्गात मिसळा, नाहीतर «एक कुटुंब, ४० एकर» या ओळीवरून सगळ्या गावाला नाव कळतं आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही.