पेट्रोलची टाकी कुठून गळते? खडू लावून बघा

दुचाकीखाली पेट्रोलचे थेंब दिसतात, पण गळती सापडत नाही. कारण पेट्रोल टाकीच्या कडेने ओघळत भलतीकडेच टपकतं.

1. इंजिन थंड असताना गाडी मोकळ्या हवेत लावा. टाकीचा तळ, कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची चावी) आणि नळी कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

2. टाकीच्या खालच्या जोडावर आणि कॉकभोवती खडूची पूड चोळा.

3. कॉक चालू करून लक्ष ठेवा. पूड सगळ्यात वर जिथे ओली होऊन गडद दिसेल, गळती तिथली.

ओल कॉकच्या बुडाशी असेल तर टाकी रिकामी करून वॉशर बदला. पुष्कळदा दुखणं एवढंच असतं. नळीचं टोक कडक पडलं असेल तर नळीच नवी घ्या, क्लिप आवळत बसू नका. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) ओव्हरफ्लो नळीतून, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर काढणाऱ्या नळीतून, थेंब येत असतील तर टाकीचा काही दोष नाही; बहुधा आत येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकली आहे.

पत्र्यालाच बारीक भोक असेल तर त्यावर कपडे धुण्याचा कोरडा साबण दाबून घासा. गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं भागतं.

सोलापूरच्या एप्रिल-मेमधली एक गंमत: काठोकाठ भरलेली गाडी नव्या पेठेत उन्हात लावली की पेट्रोल फुगून झाकणातून येतं. ती गळती नव्हे. टाकी थोडी कमी भरा.

आणि टाकी रिकामी केली म्हणून लगेच वेल्डिंगला देऊ नका. आतली वाफ भडकते. माहीतगार कारागिराकडून आधी नीट धुऊन घ्या.