अमेरिकेत आई-बाबा येताहेत? डॉलर, पाउंड, फॅरेनहाइटच्या या चुका टाळा

मैल, गॅलन, पाउंड हे शब्द ऐकून धडकी भरते, पण खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे फार कोणी फसत नाही, कारण माहीत नाही म्हटल्यावर माणूस विचारून घेतो. गोची होते ती ओळखीच्या दिसणाऱ्या आकड्यांनी. टॅगवर २.९९ दिसतं, फोनवर ३० डिग्री दिसतं, फॉर्मवर ५/९ दिसतं आणि आपण आपल्या सवयीने वाचून मोकळे होतो. इकडे न्यू जर्सीत दर उन्हाळ्यात पुणे, ठाणे, नागपूरहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांची रांगच लागते आणि जवळपास सगळे त्याच त्याच ठिकाणी अडकतात, म्हणून हे लिहितेय. येणाऱ्यांनी वाचाच, पण ज्यांच्या घरी येणार आहेत त्या मुला-सुनांनी, मुली-जावयांनी पण वाचा, कारण "अगं आई, सोड ना ते, मी बघते" म्हणून तुम्ही टाळता आणि मग त्या एकट्या दुकानात गेल्या की घोळ होतो.

टॅगवरची किंमत शेवटची समजू नका

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी असते, त्यात सगळे टॅक्स आले, विषय संपला. इथे टॅगवर टॅक्स धरलेलाच नसतो, तो काउंटरवर लागतो आणि राज्याराज्यात वेगळा असतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, म्हणजे १९.९९ ची बॅग घेतली की बिल २१.३१ चं येतं आणि बाबा वीसची नोट हातात धरून "अहो पण वर १९.९९ लिहिलंय" म्हणून कॅशियरशी हुज्जत घालतात, त्या बिचारीला कळतच नाही नक्की तक्रार काय आहे. त्यात अजून गंमत म्हणजे न्यू जर्सीत कपड्यांवर टॅक्स नाही, शेजारच्या न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतल्या कपड्यावर नाही पण त्याच्या वरच्यावर आहे, आणि डेलावेअर, ऑरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर ह्या राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्सच नाही. लोक लॅपटॉप घ्यायला गाडी काढून डेलावेअरला जातात ते उगाच नाही.

हॉटेलात तर टॅक्स आणि वर टिप. जिथे टेबलवर आणून देतात तिथे १५ ते २० टक्के टिप देतात, ती ऐच्छिक असते वगैरे कागदावर, प्रत्यक्षात वेटरचा पगार तिच्यावरच चालतो. सोपा हिशोब सांगते, मेनूतल्या किमतीची सव्वापट करा. ४० डॉलरचं जेवलात तर ५० तयार ठेवा. सव्वा, दीड, पावणे हे आपल्याला झोपेतही जमतं, ते इथे वापरायचं, मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही.

प्रत्येक गोष्टीला ९० ने गुणू नका

हिशोबाला डॉलर ९० रुपये धरू. केस कापायला गेले, गुणिले ९०. कॉफी घेतली, गुणिले ९०. मग ती कॉफी घशाखाली उतरत नाही आणि शेजारी बसलेला मुलगा वैतागतो. माझं मत विचाराल तर गुणाकार फक्त तिथेच करा जिथे तीच वस्तू तुम्ही भारतात जाऊनही घेऊ शकता, म्हणजे फोन, बदाम, सोनं, चष्मा. बसचं तिकीट काय पुण्याहून आणणार आहात का? बाकी गोष्टींची तुलना इथल्याच दुसऱ्या दुकानाशी करा.

आणि कार्डचं एक लक्षात ठेवा. कार्ड मशीनवर किंवा एटीएमवर कधी कधी विचारतात की रुपयात घ्यायचं की डॉलरमध्ये, रुपये बघून बरं वाटतं आणि बोट तिकडे जातं. नेहमी डॉलर निवडा, रुपयाचा तो रेट मशीनवाल्याने स्वतःचं कमिशन घालून लावलेला असतो. पेट्रोल पंपावर मशीन झिप कोड, म्हणजे इथला पिन कोड, मागतं, भारतीय कार्डाला तो नसतो म्हणून व्यवहार अडकतो, तर सरळ आत काउंटरवर जाऊन पैसे भरा.

नाण्याच्या आकारावर जाऊ नका

सगळ्यात छोटं नाणं म्हणजे डाइम, ते १० सेंटचं. त्याच्यापेक्षा मोठं निकेल, ते मात्र ५ सेंटचं. बरं डाइमवर दहाचा आकडासुद्धा नाही, नुसतं "वन डाइम" लिहिलंय. क्वार्टर २५ सेंट, म्हणजे आपले चाराणे, हे आपल्या पिढीला पटकन बसतं. अपार्टमेंटच्या लाँड्रीत बऱ्याच ठिकाणी अजून क्वार्टरच लागतात तर ते खर्च करून टाकू नका, डब्यात साठवा.

नोटा सगळ्या एकाच मापाच्या, १ डॉलरची आणि १०० ची तंतोतंत एवढीच. आपल्याकडे नोट लांबी-रंगावरून हाताला कळते, इथे आकडा वाचल्याशिवाय द्यायचीच नाही. संध्याकाळच्या वेळी टॅक्सीत वगैरे जास्त सांभाळा.

नवीन बदल म्हणजे पेनी, १ सेंटचं तांब्याच्या रंगाचं नाणं. बनवायला साडेतीन सेंटच्या वर खर्च येत होता, शेवटी १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली. चालते अजूनही, तुमच्याकडे असतील तर द्या, पण बऱ्याच दुकानांत सुट्या पेन्या नसतात म्हणून रोखीचं बिल पाच सेंटच्या पटीत करून घेतात. एक-दोन सेंट कमी परत दिले म्हणून फसवलं असं समजू नका, कार्डने दिलंत तर बिल आहे तेवढंच कापलं जातं.

भाजीचा भाव किलोचा नाही

भेंडीच्या ढिगावर २.९९ लिहिलंय, आई मनात म्हणते ३ डॉलर, म्हणजे २७० रुपये किलो, महाग आहे पण ठीक. अहो ते पाउंडाला आहे! किलोला जवळजवळ ६ डॉलर ६० सेंट, म्हणजे ५९० च्या वर. बारीक अक्षरात एलबी लिहिलेलं असतं, ते पाउंडाचं चिन्ह, ते आधी शोधायचं आणि मग भाव वाचायचा.

इथेही पावकी-निमकी कामाला येते. किलो म्हणजे सव्वादोन पाउंडाला जरा कमी. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, दुधाचा मोठा कॅन तेवढाच असतो, दोघांच्या घराला अर्धा गॅलन पुरतो नाहीतर मग दही लावत बसा. मैल दीड किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर पक्के. फिरायला जाणाऱ्या आजोबांनी एवढंच धरावं की रमतगमत एक मैल चालायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढंच अंतर परत यायचं असतं. "मॉल दीडच मैल आहे" म्हणून उन्हात निघालेले काका मी बघितलेत.

गाडीत बसल्यावर काट्यावर ६५ दिसतं म्हणून "अरे काय बैलगाडी चालवतोयस" म्हणू नका, ते ताशी १०५ किलोमीटर झालं. उलटा घोळ नायगारा ओलांडून कॅनडात गेलात की होतो, तिथे पाट्या किलोमीटरच्या आणि तुमची गाडी मैलवाली. पाटीवर १०० म्हणजे काट्यावर ६२.

जमिनीचं मात्र आपण जिंकलो. सगळीकडे "क्वार्टर एकर लॉट" ऐकाल, एकराचे ४० गुंठे, म्हणजे मुलाचं घर दहा गुंठ्यांत आहे. हे सांगितल्यावर गावाकडच्या माणसाला बॅकयार्ड डोळ्यांपुढे उभं राहतं, स्क्वेअर मीटरचा बाप आला तरी राहणार नाही.

अशी कसरत आपल्या घरात आधी झालेलीच आहे म्हणा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे असा न बसणारा हिशोब लोकांनी केला, पुढे शेर-मण जाऊन किलो आला, तरी आज आपण उंची फुटात, सोनं तोळ्यात आणि वाळू ब्रासमध्येच मोजतो. तेव्हा अमेरिकनांना हसण्यात अर्थ नाही.

हवामान: फोन सेल्सिअसवर ठेवू नका

मुलं प्रेमाने आईचा फोन सेल्सिअसवर करून देतात. मग टीव्ही, गाडी, घरातला थर्मोस्टॅट, शेजारीण सगळे फॅरेनहाइट बोलतात आणि आई एकटी वेगळी पडते. त्यापेक्षा चार खुणा पाठ करा: ३२ ला बर्फ, ५० ला जॅकेट, ७० च्या आसपास घरातलं छान तापमान, ८६ म्हणजे आपलं ३०. आणि १०० तर तुम्हाला माहीतच आहे, ताप आपण लहानपणापासून फॅरेनहाइटमध्येच मोजतो, बाहेर १०० असेल तर सगळ्या गावाला ताप आलाय असं समजा. मधल्या आकड्यांना ३० वजा करून निम्मे करा, अगदी अचूक नाही येत पण स्वेटर घ्यायचा का नाही ते कळतं.

दोन ठिकाणी सावध. एक, "उद्या २० डिग्रीने उतरेल" हे ऐकून हाय खाऊ नका, तो फरक आपल्या ११ डिग्रीचा असतो. दुसरं, हिवाळ्यात "झीरो" म्हणाले तर ते आपलं शून्य नव्हे, ते उणे १८ आहे. तेव्हा मात्र हाय खाल्ली तरी चालेल, देवदर्शनाला नंतर जा.

नातवाच्या औषधात हा घोळ अजिबात नको

बाकीच्या चुकांमध्ये पैसे जातात किंवा पाय दुखतात, इथे जीवाशी खेळ आहे म्हणून जरा सविस्तर. नातवाला ताप आला, मुलगा-सून ऑफिसला, आजी पुण्याच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअप करते की वजन २४ आहे किती देऊ. डॉक्टर किलो समजतात. बाळ २४ पाउंडाचं आहे, म्हणजे अकरा किलोसुद्धा नाही! डोस दुपटीच्या पुढे गेला. इथे मुलांचं वजन पाउंडात सांगतात आणि औषधाच्या खोक्यावरचा तक्ताही पाउंडातच असतो, म्हणून वजन सांगताना आकड्यामागे पाउंड की किलो हे लिहायचंच लिहायचं.

पुढची अडचण औषधाच्या स्ट्रेंग्थची. पॅरासिटामॉलला इथे असिटामिनोफेन म्हणतात, मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीला १६० मिलिग्रॅम असतं. भारतातून आणलेल्या बाटलीत १२५ किंवा २५० असू शकतं. "तेच औषध, तेवढंच मिली" असं होत नाही. आणि स्वयंपाकघरातला चमचा तर वापरूच नका, इंग्रजीत टीस्पून ५ मिली आणि टेबलस्पून १५ मिली, दोन्हींची छोटी रूपं एका अक्षराच्या फरकाची, म्हणजे तिप्पट चूक व्हायला चष्मा विसरला तरी पुरे. खोक्यात पिचकारी येते तिच्यावर मिली छापलेले असतात, तीच वापरा आणि डोस इथल्या मुलांच्या डॉक्टरांनाच विचारा, दिवसा-रात्री फोनवर नर्स तरी सापडतेच.

मोठ्यांच्या शुगरचं टेन्शन नको. अमेरिकेत आणि भारतात एकच माप, मिलिग्रॅम पर डेसिलिटर, १२६ म्हणजे १२६. पण दुसरा मुलगा लंडनला, टोरांटोला किंवा सिडनीला असेल आणि तिथलं मशीन ७ दाखवत असेल तर शुगर पडली म्हणून साखर खाऊ नका, १८ ने गुणा, ते १२६ च आहे.

किरकोळ, पण होतात

तारखेत महिना आधी असतो, ५/९ म्हणजे ९ मे. डॉक्टरची अपॉइंटमेंट, दुधावरची तारीख, सगळीकडे. स्वतः लिहिताना महिना अक्षरात लिहा. फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. राइस कुकरसोबत येणारा कप १८० मिलीचा असतो आणि रेसिपीतला कप २४० चा, भात चिकट झाला तर तांदळाला दोष देऊ नका. आपला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० वर नुसता घरघरतो, चटणी होत नाही, बॅगेतली ती जागा कुकरला द्या.

सोनं आणि परतीची बॅग

परत जायच्या आधी सोन्याचा विषय निघतोच. टीव्हीवर सोन्याचा भाव औंसात सांगतात, तो ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा. किराण्यातला औंस २८.३५ ग्रॅमचा, त्याने भागलंत तर ग्रॅमचा भाव उगाच चढा दिसतो आणि वाटतं इथे फारच महाग आहे. वर इथल्या साध्या दुकानात दागिना बहुतेक १४ कॅरेटचा, शंभरात साधारण साडेअठ्ठावन्न भाग सोनं, आपल्या २२ कॅरेटशी त्याची तुलनाच नको. हवंच असेल तर न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या भारतीय सराफांकडे २२ कॅरेट मिळतं, ग्रॅममध्ये भाव विचारा आणि टॅक्स धरून विचारा.

बॅगेला २३ किलोची मर्यादा म्हणजे इथे ५० पाउंड. मुलाच्या बाथरूममधला वजनकाटा पाउंड दाखवतो, बऱ्याच काट्यांना खाली किलोचं बटण असतं ते शोधा, किंवा आधी बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. पण ५० भरेपर्यंत चॉकलेटं कोंबू नका, ४८ ला थांबा, घरच्या काट्याचं आणि एअरपोर्टच्या काट्याचं कधीच पटत नाही.